सीए की कॉक्स

घाटकोपर पूर्व, घाटकोपर पश्चिम आणि या दोहोंच्या मधल्या पुलावर कायम अडकलेल्या तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका वयाची पन्नाशी उलटल्यावर, एक नवरा, एक सासू आणि एक दुखरा गुडघा सांभाळून, 'ओडी' आणि 'बीडी' यांतला फरक शिकली आहे. तरी नागरिकांनी आपापल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन, गडबड न करता, रांगेत उभे राहावे.

ही घोषणा मी आमच्या स्वयंपाकघरात, हातात लाटणं धरून केली होती. श्रोते दोनच. नवरा आणि कुकर. कुकरने निदान शिट्टी तरी दिली.

झालं होतं असं, की ज्या ट्रॅव्हल ऑफिसात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली ते बंद पडलं. लोक आता फोनवर अंगठा फिरवून स्वतःच तिकिटं काढतात, त्यांना मी कशाला हवी? घरी बसले तर सासूबाई आणि मी, दोघींपैकी एकच शिल्लक राहील अशी चिन्हं दिसायला लागली. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या नर्सिंग होमला रिसेप्शनवर बाई हवी असल्याचं कळलं. त्यांनी मला नापसंत केलं नाही, पण आधी डॉक्टरांची भाषा वाचायला शिकून या म्हणाले. म्हणून मी कोर्स लावला. एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. खाली फाफडा तळला जायचा आणि वर आम्ही जठराची सूज शिकायचो.

वर्गातल्या बाकीच्या मुली माझ्या भाचीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मीच शिकवायला आले आहे, म्हणून सगळ्या उभ्या राहिल्या. मी हाताने बसा म्हटलं आणि मगच शेवटच्या बाकावर जाऊन बसले. एवढी मजा मी सोडते की काय.

शिकवायला एक निवृत्त सिस्टर होत्या, मालवणकडच्या. बत्तीस वॉर्डांचं पाणी प्यायलेल्या बाई. खडू असा धरायच्या की आता फळ्याला इंजेक्शन देणार. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे लागलंच तर. एनबीएम लिहिलं असेल तर पेशंटच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. शब्दाच्या शेवटी 'आयटिस' आलं की सूज, 'एक्टमी' आलं की काहीतरी कापून काढलं.

मी ही विद्या घरात लगेच वापरात आणली. चहा टीडीएस झाला. सासूबाईंशी वाद बीडी. नवऱ्याला मी सांगून टाकलं की तू आता एसओएस आहेस. एका रविवारी त्याने माझ्या माहेरच्या माणसांवर काहीतरी टोमणा मारला, तेव्हा त्याला जेवायच्या वेळेपर्यंत एनबीएमवर ठेवला.

माझं माहेर फार लांब नाही. रेल्वे लाइनच्या पलीकडे, पूर्वेला, दादा राहतो. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. घरात तो, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. दादाने सगळा जन्म एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काढला. मी कौतुकाने त्याला टीडीएसचा अर्थ सांगायला गेले तर तो म्हणाला, "तीनदा कसला गं? टीडीएस म्हणजे पगारातून कापलेला टॅक्स." भाची म्हणाली, आत्या, तुझे डॉक्टर तर दिवसातून तीनदा कापतात. ही भाची सीए करत होती. फायनलचा एक ग्रुप सुटला होता, एक राहिला होता. तो राहिलेला ग्रुप ही आता दादाच्या एकट्याची गोष्ट उरली नव्हती, सबंध बिल्डिंगची झाली होती. दर निकालाला सेक्रेटरी काका खालूनच हाक मारून विचारायचे, पेढे कधी? दादा गॅलरीतून सांगायचा, ऑर्डर देऊन ठेवलीय, फक्त तारीख टाकायची बाकी आहे.

म्हणून क्लासमध्ये एक दिवस सिस्टरनी फळ्यावर 'सीए' लिहिलं तेव्हा मी हात वर करून सांगितलं, की आमच्या घरी सीए म्हणजे माझी भाची. वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी शेजारी 'कॉक्स' असं लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

"हे दोन शब्द नीट ऐका गो," त्या म्हणाल्या. "पेशंटासमोर टीबी म्हणूचा नाय, कॉक्स म्हणूचा. कॅन्सर तर म्हणूचाच नाय. सीए."

कॉक्स हे नाव टीबीचे जंतू ज्याने शोधले त्याच्या आडनावावरून पडलेलं. सीए ही कॅन्सरच्या मोठ्या इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरं. मला ही युक्ती भारी आवडली. समोर माणूस बसलाय, त्याच्याबद्दलच बोलणं चाललंय, आणि त्याला पत्ता नाही. आमच्या ट्रॅव्हल ऑफिसातही कटकट्या गिऱ्हाइकासाठी एक शब्द होता, तसंच हे. वर्गातून खाली उतरताना मी फाफडा घेतला आणि दोन्ही शब्द विसरले.

दादाचा खोकला त्याच सुमारास सुरू झाला होता. आधी आम्ही तो धुळीवर ढकलला. घाटकोपरला मेट्रोपासून कशाकशाची धूळ उडत असते. मग पंख्यावर ढकलला. मग एका सकाळी वहिनीला बेसिनमध्ये लाल दिसलं. दादा म्हणाला, बीट खाल्लं होतं. वहिनी म्हणाली, या घरात बीट मी आणते, आणि मी आणलेलं नाही. त्याची पँट कमरेला चुण्या पडून गोळा व्हायला लागली होती, तेही तो डाएट म्हणून खपवत होता. एक्स-रे काढला. उजव्या बाजूला वर पांढरं काहीतरी होतं. डॉक्टरांनी ॲडमिट व्हा म्हटलं.

मला सांगायला हवं, की त्या दिवशी इस्पितळात शिरताना मी थोडी ऐटीत होते. सगळ्या कुटुंबात मेडिकलचं काही कळणारी मी एकटी. वहिनी ऑफिस सोडून फारशी कुठे न जाणारी, भाचीचं सगळं लक्ष परीक्षेत. वहिनी आजच्या काळातही मला वन्सं म्हणते. त्या दिवशी तिने पिशवीतून फाईल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, वन्सं, हे तुमचं खातं.

सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे चार-पाच शिकाऊ. त्यातल्या एका मुलीने दादाच्या पलंगाशी उभं राहून धडाधड म्हणायला सुरुवात केली. मेल, अमुक वयाचा, के-सी-ओ एचटीएन. मला कळलं, के-सी-ओ म्हणजे आधीपासून असलेला आजार, एचटीएन म्हणजे ब्लड प्रेशर. सी-ओ कफ, म्हणजे खोकल्याची तक्रार. हिमॉप्टिसिस, म्हणजे खोकल्यातून रक्त. मला एकही शब्द अडत नव्हता. ती पुढे बोलत होती आणि मी मनात तिच्याबरोबर भाषांतर करत पळत होते. पोटात चक्क आनंद होत होता. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला होतो तसला.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सो? क्वेरी सीए. रूल आउट कॉक्स."

माझं पळणं तिथेच थांबलं.

आणि दादा, कॉलर नीट करत, उशीवरून जरा वर सरकून म्हणाला, "हो डॉक्टर, मुलगी माझी. फायनलला आहे. एकच ग्रुप राहिलाय."

कोणी हसलं नाही. शिकाऊ मुलीने मान खाली घातली आणि फाईलची पानं उलटायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, व्हेरी गुड म्हणाले, आणि सगळे पुढच्या पलंगाकडे गेले. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, बघ, एवढा मोठा माणूस, पण चौकशी करतो. वहिनीने त्याच्यासाठी मोसंबी सोलायला घेतली होती. मी तिच्या हातातून ती ओढून घेतली, काहीतरी करायला हवं म्हणून, आणि इतकी सोलली की खायला काही उरलं नाही.

कॉरिडॉरमध्ये वहिनीने विचारलं, काय म्हणाले. मी म्हटलं, कॉक्सची शंका आहे. कॉक्स म्हणजे काय? मी म्हटलं, टीबी. हे खोटं नव्हतं. डॉक्टर दोन शब्द बोलले होते, त्यातला एक मी सांगितला.

वहिनी भिंतीला टेकली. टीबी म्हटल्यावर तिच्यासमोर काय काय आलं असेल कोण जाणे. आमच्या घरात कोणाला नाही. लोक काय म्हणतील. पोरीचं लग्न व्हायचंय, स्थळं विचारायला येतील तेव्हा काय सांगायचं. बिल्डिंगमध्ये कळलं तर कामवाली येणं बंद करेल, लिफ्टमध्ये कोणी शेजारी उभं राहणार नाही. ती पदराने डोळे पुसत हे सगळं सांगत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत मनात एकच गोष्ट घोकत होते, टीबीच असू दे, टीबीच असू दे. एकाच बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. ती ज्याला रडत होती तेच मी मागत होते.

दादाच्या फुप्फुसात दुर्बीण घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. दरम्यान राउंड रोज व्हायचा आणि रोज कोणी ना कोणी 'सीए' म्हणायचंच. मी ठरवून त्या वेळी खोकायला लागले. शिकाऊ डॉक्टरांनी मलाच एक्स-रे काढायला सांगितलं.

वहिनीने बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलं, व्हायरल आहे. व्हायरल लांबलं तेव्हा न्यूमोनिया केला. ती घरी गेली की दादाचं ताट-वाटी वेगळी करायची, पण कामवालीला संशय येऊ नये म्हणून पुन्हा सगळ्यांत मिसळायची, मग मध्येच घाबरून पुन्हा काढायची. हे ती मला रोज कँटीनमध्ये तपशीलवार सांगायची. एक दिवस ती म्हणाली, कुठल्या जन्मीचं पाप म्हणून हा टीबी आमच्या वाट्याला आला. आणि माझा तोल सुटला.

"वहिनी," मी म्हटलं, "टीबी निघाला ना, तर तू पेढे वाट."

वहिनी बघतच राहिली. वेड लागलंय का तुम्हाला, म्हणाली. मग मी तिला दुसरा शब्दही सांगितला. चहाचे कप समोर होते, शेजारच्या टेबलावर कोणीतरी इडली परत पाठवत होतं. मी अगदी सिस्टरसारखं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

वहिनीने विचारलं, "मग हे रोज सांगतात ना, मुलगी माझी, फायनलला आहे..."

"हो."

तिला हसू आलं. तोंडावर हात दाबून ती हसत राहिली, खांदे हलायला लागले, आणि त्या हलण्याचं रडणं कधी झालं ते मला समोर बसूनही कळलं नाही. इडली परत पाठवणाऱ्या माणसाने आपलं पाणी आमच्याकडे सरकवलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून टीबी मागू लागलो. बिल्डिंगच्या गेटाशी एक लहानसं गणपतीचं देऊळ आहे. तिथे वहिनी जाता-येता थांबायची. मी विचारलं, नेमकं काय म्हणतेस गं देवाला? ती म्हणाली, कॉक्स असू दे. टीबी असू दे म्हणायला जीभ रेटत नाही. मी म्हटलं, अगं, पण त्याला शॉर्टफॉर्म कळतात का? ती म्हणाली, नसतील कळत तर तुम्ही या आणि फोड करून सांगा, कोर्स केलाय ना?

भाचीला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. ती दुपारी वॉर्डात येऊन दादाच्या पायाशी पुस्तक उघडून बसायची. दादा तिला लांबूनच बघत राहायचा. तिने वर पाहिलं की डोळे मिटून घ्यायचा.

अशाच एका दुपारी ती पाणी आणायला गेली असताना दादाने मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता त्याचा.

"तू शिकलीयस ना हे सगळं? मग खरं सांग. हे लोक रोज मला सीएबद्दल का विचारतात?"

माझ्या अंगात नाटक भरपूर आहे, ते त्या वेळी कामी आलं. मी म्हटलं, अरे, डॉक्टर लोक बक्कळ कमावतात, रिटर्न भरायला त्यांना चांगला सीए लागतोच. दादा हसला. खोकला आला, तो ओसरेपर्यंत मी त्याची पाठ धरली. मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, "मग त्यांना सांग, थोडं थांबा म्हणावं. तिचा निकाल लागू दे."

याचा अर्थ त्याला सगळं कळलं होतं, की काहीच कळलं नव्हतं, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. त्यालाही विचारलेलं नाही. भाची पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, काय गप्पा चालल्यात? दादा म्हणाला, तुझी आत्या मला टीडीएस शिकवतेय.

रिपोर्ट आला त्या सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर टेबलापाशी बोलावलं. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. डॉक्टर भले गृहस्थ. सवयीने हळू आवाजात, अर्ध्या अर्ध्या शब्दांत बोलायला लागले. नो एव्हिडन्स ऑफ सीए. कॉक्स. एकेटी सुरू करू. माझ्या डोक्यात ते शब्द एकेक करून उतरायला लागले. एकेटी म्हणजे टीबीची औषधं, सहा महिने तरी. मी भाषांतर करायला तोंड उघडणार तोच वहिनी डॉक्टरांच्या टेबलावर वाकून म्हणाली, "म्हणजे कॉक्सच ना? नक्की?" डॉक्टर नक्की म्हणाले. तिने खुर्चीतल्या खुर्चीत हात जोडले. डॉक्टरांनी इतक्या वर्षांत ही बातमी कितीतरी घरांना दिली असेल, पण त्याबद्दल त्यांचे आभार मानणारी बाई त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटली. ते मला म्हणाले, यांना नीट समजावून सांगा हं, आजार साधा नाही, गोळ्या चुकवून चालणार नाही. मी म्हटलं, डॉक्टर, त्यांना सगळं समजलंय.

दादाला काही दिवसांनी घरी सोडलं. तोंडाला मास्क, हातात गोळ्यांची पिशवी, आणि अंग निम्मं. टॅक्सी जैन देरासरच्या गल्लीत आली तशी वहिनी म्हणाली, थांबवा. उतरली आणि मिठाईच्या दुकानात शिरली. ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पेढ्यांचे बॉक्स होते. मी म्हटलं, वहिनी, मी ते आपलं बोलायचं म्हणून बोलले होते. ती म्हणाली, गणपतीने ते बोलणं ऐकलंय, आता माघार नाही.

पहिला पेढा तिने गेटाशी देवापुढे ठेवला. तिथून लिफ्टपर्यंत पोचेतो वॉचमन, इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या काकू, सगळ्यांच्या हातावर एकेक पडला. दादा भिंतीशी खुर्चीत बसून दम घेत होता. भाची त्याची औषधं सांभाळत उभी होती. आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी काका जिन्यावरून उतरले.

त्यांनी आधी बॉक्स पाहिला. मग भाचीला पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

"झाली शेवटी पोरगी सीए," ते जिन्यात तोंड वर करून ओरडले. वरचे दरवाजे उघडले. लोक खाली यायला लागले, दोघांनी तर टाळ्या सुरू केल्या. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला, कारण तिचा ग्रुप अजून राहिलेलाच होता. दादाने मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. काकांनी पेढा तोंडात टाकला, दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आणि इतके दिवस जिने सख्ख्या शेजारणीलाही तो शब्द कळू दिला नव्हता, ज्या शब्दापायी ताटं वेगळी करून पुन्हा मिसळली होती, ती माझी वहिनी, बॉक्स दोन्ही हातांनी उंच धरून, आनंदाने ओल्या झालेल्या डोळ्यांनी, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो नाही हो, सीए नाही निघालं, टीबी निघाला, घ्या ना अजून एक!"